सॅन्टन मास्तरांचं नकारपत्र

करार मोडायला फार तर पाऊण तास लागेल, असं सॅन्टन मास्तरांनी बायकोला, एमिलीला सांगितलं. त्यातलाही अर्धा तास दौत सापडण्यात जाईल, म्हणाले. पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेला माणूस! एका बाईला नकार कळवायचा तो काय, हातचा मळ!

गोष्ट त्रेपन्न सालची. लेक रोझलिन वांद्र्याला दिलेली. तिच्याजवळ राहायला जायचं म्हणून मास्तरांनी वसईजवळच्या पापडी गावातलं घर आणि मागची केळीची वाडी विकायला काढली होती, आणि वर्षभर दुसऱ्या कुणामार्फत विकणार नाही असा कागद निर्मळच्या कृष्णाबाईला करून दिला होता. कृष्णाबाई आधी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन गावोगाव हिंडायची. नवरा गेल्यावर ती घरं-जमिनींची दलाली करू लागली. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठल्या विहिरीचं पाणी चैत्रात मचूळ होतं आणि कुठल्या भावाभावांत विस्तव जात नाही, हे तलाठ्यालाही नसेल इतकं तिला तोंडपाठ होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं, एमिलीचं स्वयंपाकघर पावलांनी मोजून गेलं, आणि एमिली विहिरीवर जाऊन रडत बसली. तिला जायचं नव्हतं. खरं म्हणजे मास्तरांनाही नव्हतं. रोझलिनची समजूत घालता आली असती. पण कागद कृष्णाबाईच्या कनवटीला होता. ठरलेल्या किमतीचं गिऱ्हाईक तिने आणलं की घर विकणं भाग होतं.

मास्तरांनी पत्र लिहिलं. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दारावर आलेल्या बांगडीवाल्यालाही ते रिकाम्या हाती परत पाठवत नसत. पत्र दोन पानी झालं. पहिलं पान कृष्णाबाईच्या सचोटीवर, दुसरं तिच्या कष्टांवर. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांनी, मूळ मुद्दा आला : "आपल्यासारख्या कर्तबगार व्यक्तीस आमच्या क्षुद्र कामात गुंतवून ठेवणे आमच्या मनास प्रशस्त वाटत नाही." याचा अर्थ न कळणारा माणूस जगात असेल, हे मास्तरांच्या डोक्यातही आलं नाही.

कृष्णाबाईने ते पत्र भर बाजारात एका फुलवाल्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. सचोटीवर लोक थांबले, कष्टांवर दोघी-चौघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि 'प्रशस्त'ला तर टाळ्याच पडल्या. एवढा शिकलेला माणूस म्हणतो, ही बाई मोठ्या कामांसाठी जन्मलीय! मग आगाशीहून, सोपाऱ्याहून माणसं मास्तरांकडे यायला लागली. अक्षर तुमचंच का, असं विचारू लागली. मास्तर हो म्हणत, बाई चांगलीच आहे हेही सांगत, आणि वर चहा पाजत. दर चहामागे कृष्णाबाईचं एक गिऱ्हाईक पक्कं होई.

शेवटी दादरचे चौबळ नावाचे एक पेन्शनर ते पत्र वाचून म्हणाले, असं लिहिणाऱ्या माणसाचंच घर मला हवं. कृष्णाबाई त्यांना टांग्यातून घेऊन आली. किंमत त्यांना कबूल होती.

मास्तरांनी एकच सपाटा लावला. विहीर खारट, छप्पर गळकं, वाडीत साप, शेजार भांडखोर. हे बोलतायत तोच शेजारची मेरी नारळाच्या वड्यांची बशी घेऊन आली आणि पाहुण्यांना आग्रह करकरून गेली. चौबळांचे डोळे भरून आले. याआधी दोन मालकांनी त्यांना फसवलं होतं. स्वतःच्या घराचे दोष सांगणारा आणि वर शेजाऱ्यांना विनाकारण नावं ठेवण्याइतका भोळा मालक त्यांनी पाहिला नव्हता. विसाराचे पैसे द्यायला त्यांनी खिशात हात घातला.

स्वयंपाकघराची चौकट एमिलीने दोन्ही हातांनी गच्च धरली होती, तिकडे कृष्णाबाई बघत होती. मग ती उठली, विहिरीवर गेली, पोहरा ओढून ओंजळभर पाणी प्याली. पाणी गोड होतं. परत येऊन तिने चौबळांना सांगितलं, की हे घर विकायचं नाही, चूक तिचीच झाली. आगाशीला याहून सरस दाखवते, तुम्ही टांग्यात बसा.

ते बाहेर पडल्यावर तिने कनवटीचा कागद काढला, उभा फाडला आणि एमिलीच्या हातावर ठेवला. हातची दलाली गेली, त्याचं तोंडावर काही दिसलं नाही.

"मास्तर, तुमी मराठी शिकवली ना?" ती म्हणाली. "मराठीत 'नको' म्हनून एक शब्द हाय."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. निदान ते पत्र तरी परत द्या, असं कसंबसं म्हणाले.

"ते नाय देनार. माज्याबद्दल आजवर कुनी चार अक्षरं लिवली नव्हती."

आणि ती टांग्यात जाऊन बसली. टांगा वळेपर्यंत मास्तर फाटकात उभे होते.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर अर्नाळ्याचा एक माणूस चर्चच्या पायऱ्यांवर त्यांना गाठून उभा राहिला. जमीन घ्यायची होती, पत्र त्यानेही ऐकलं होतं. त्या बाईबद्दल लिहिलंय ते सगळं खरं का, त्याने विचारलं.

"सगळं," मास्तर म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा एका शब्दावर थांबले.