हौदातलं प्लॅटिनम

माणसानं मनगटावर काय बांधावं, याबाबत माझी मतं पहिल्यापासून ठाम आहेत. (ती अमलात आणायला पैसे नव्हते, एवढंच.) त्या वर्षी गावाकडचं रान नव्या महामार्गात गेलं, मोबदला आला आणि मी क्रांती चौकातल्या एका थंडगार शोरूममध्ये शिरलो. कारण एकच, आमचे साडू. रविवारी बीड बायपासला आप्पासाहेबांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती, आणि हे गृहस्थ कित्येक वर्षं आपल्या सोन्याच्या घड्याळात बघून मला वेळ सांगत आले होते. मी न विचारता.

"सोनं ओरडतं, सर," शोरूममधला टायवाला म्हणाला. "प्लॅटिनम गप्प असतं. जाणकारालाच कळतं."

घड्याळ तळहातावर घेतलं तर वजनानं हात खाली गेला. तिथंच मी जाणकार झालो. पट्टा जरा सैल होता. "दोन कड्या काढून देतो," तो म्हणाला. मी साफ नकार दिला. पैसे सगळ्या कड्यांचे द्यायचे आणि मनगटावर दोन कमी घालायच्या, इतका मी खुळा नाही.

घरी आमच्या मंडळींनी, म्हणजे द्वारकेनं, ते उलटंपालटं करून बघितलं. "डब्याच्या झाकणावानी दिसतंय की!"

"प्लॅटिनम आहे ते. शंभर वर्षं टिकतं."

"तुम्ही राहताव का तवर?"

दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. उस्मानपुऱ्यात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. ते अंगणातल्या हौदात साठवून द्वारका त्याची राखण करायची. गुरुवारी पाणी आलं. शुक्रवारी सकाळी हौद कितपत भरलाय ते बघायला मी झाकण उघडून हात आत घातला आणि घड्याळ सगळ्या कड्यांसकट सुळकन निसटलं. डुबुक! (माल जड असल्यामुळं आवाजही भारदस्त झाला.)

"हौद उपसावा लागेल," मी म्हणालो.

"थेंब सांडला तर याद राखा! कालच भरलाय."

"मग मी आत उतरतो."

"प्यायच्या पाण्यात?" तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. "गुरुवारपर्यंत पाणी आपसूक संपंल. घड्याळ काय पोहून जातंय व्हय?"

"अगं, रविवारी वास्तुशांत आहे!"

"मंग? तिथं काय घड्याळाची पूजा हाय?"

मी डगमगलो नाही. वाळूजच्या कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. संध्याकाळी तिथून भलामोठा लोहचुंबक आणला, दोरीला बांधून हौदात सोडला. वर काय आलं, तर एक लोखंडी उलथनं. "अगं बाई, दिवाळीपासून शोधत होते!" द्वारका हरखली. प्लॅटिनम चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल असल्याचं सिद्ध झालं, असं मी तिला समजावून सांगितलं. ती उलथनं घासायला गेली.

शनिवारी ती बहिणीकडं लाडू वळायला गेली आणि मी गल्लीत उभा राहून जाहीर केलं, "पाणी न्या! कुणीही न्या, कितीही न्या!"

गल्ली जागची हलेना. शेवटी समोरच्या मनकर्णाबाई दारात आल्या. "कचरूभाऊ, इलेक्शनला उभं राहताव का?"

"छे हो, माणुसकी म्हणून."

"मंग पाण्यात काय पडलंय?"

"प्लॅटिनम," मी खरं ते सांगितलं.

"तुरटीवानी असतंय का?"

"त्याहून भारी."

मग काय! हंडे, कळश्या, कॅन, लहान मुलांचे टब... बघता बघता हौदाचा तळ दिसला. मी खाली उतरून घड्याळ उचललं. ते चालू होतं! आनंदानं मला अक्षरशः भरून आलं.

संध्याकाळी द्वारका परतली. तिनं आधी कोरडा हौद पाहिला, मग माझं मनगट. "सकाळी पूजेला जायचंय," ती शांतपणे म्हणाली. "आंघोळ कशानं करताव? घड्याळानं?"

टँकरवाल्यानं बुधवारचा वायदा केला. वाटलेलं पाणी परत मागायला गेलो, तर मनकर्णाबाईंनी माझी चारचौघांत शोभा केली. त्यामुळं रविवारी भल्या सकाळी आम्ही नवराबायको पारोसेच आप्पासाहेबांच्या दारात हजर झालो. माझ्या खांद्यावर टॉवेल, हातात घरची बादली. पण बादली मी मुद्दाम डाव्या हातात धरली होती, बाही कोपरापर्यंत वर सारलेली.

पाहुण्यांच्या घोळक्यातून आप्पासाहेब पुढं आले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताकडं टक लावून बघत राहिले. मी हात आणखी पुढं केला. त्यांचा चेहरा कळवळला.

"एकच बादली आणली व्हय, कचरूराव?" सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "लाजू नका ओ! आपल्या बोअरला लई पाणी हाय."