माणिक पेंटरची नाव

माणिककाका तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तर ते आधी तुमच्याकडं बघणार नाहीत. दाराकडं बघतील. अंगठ्याचं नख दाराच्या कडेला लावून हळूच ओढतील आणि नखात काय आलं ते उजेडात धरून बघतील. काही आलं असेल तर मान हलवून म्हणतील, "रंग नखाला आला. खल्लास." काही आलं नसेल तर खुशीत चपला काढून आत येतील आणि दोन कप चहा घेतील.

माझ्या मेव्हणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीला असंच नख लावलं आणि भर मांडवात सांगितलं, "ठोकलेली हाय. वरून रंग मारलाय." नवरदेवाचे वडील तासभर आमच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनीच काकांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "किती ठिकाणी ठोकलीय?" गाडी त्यांनी मागच्याच आठवड्यात घेतली होती.

काकांनी चाळीस वर्षं आमच्या लोहा गावात लोखंडी कपाटं रंगवली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक सुनांची रुखवतातली कपाटं त्यांच्याच हातची. कपाटांची दारं लागेनाशी झाली, आतल्या साड्या विरल्या, रंग मात्र तसाच. हे ते स्वतःच सांगतात. मीही माझं एक सांगून टाकतो: मी बी. एस्सी. आहे, रसायनशास्त्रात. माझे वडील मोंढ्यात हमाल होते, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी हे न विचारताच सांगतो, म्हणून काका मला नावानं हाक मारत नाहीत. "काय बीएस्सी?" एवढंच.

हात थकल्यावर काकांनी काम सोडलं आणि भंगारवाल्याकडून एक नाव आणली. कुण्या हौशी साहेबाची शिकारीची नाव. शिकार बंद झाली, साहेब गेले, नाव भंगारात आली. आमच्याकडं ज्याला जर्मन म्हणतात त्या अॅल्युमिनियमची, सपाट बुडाची, दोन माणसांपुरती. काका ती धरणावर नेऊन हिवाळ्यात येणारी बदकं बघायचे. वनखात्याच्या माणसाला वाटलं, म्हातारा चोरून शिकार करतो. त्यानं नाव तपासली. आत दुर्बीण आणि चिवड्याचा डबा निघाला. त्यानंही मूठभर खाल्ला.

पण उघडा जर्मन उन्हात आरशासारखा चमके, आणि काका पोचायच्या आत बदकं उडून जात. म्हणून काकांनी नावेला मातकट हिरवा रंग फवारला. पंधरा दिवसांत पापुद्रे सुटायला लागले.

नेमकं तेव्हाच काकांनी कौसाकाकूंना म्हटलं, "एकदा चल की माझ्यासंगं. एकट्यानं काय बघायचं?"

काकू दारातूनच म्हणाल्या, "ज्या नावंला रंग धरंना, ती मला काय धरंल? आधी रंग टिकवा, मग बसते."

त्यांनी ते टाळायला म्हटलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काकूंचा पाठचा भाऊ ऐन विशीत गोदावरीत उतरला तो वर आला नाही. तेव्हापासून घरातल्या हौदापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. काकांना हे सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी त्यांनी तो शब्द धरून ठेवला. अट म्हणजे अट. रंग टिकला की कौसा बसणार.

मग त्यांनी नाव खरवडून पुन्हा रंगवली. खाली कपाटाला लावतात तो लाल प्रायमर, दोन हात जास्तीचे. धरणावरून परत आली तेव्हा हिरवा आणि लाल असे दोन्ही पापुद्रे जोडीनं सुटत होते.

"चाळीस वर्षांत असं झालं न्हाई," काका ओट्यावर बसून म्हणाले. "बीएस्सी, तुमची पुस्तकं काय म्हणून राहिली?"

असा प्रश्न मला आयुष्यात प्रथमच कुणी विचारला होता. मी सांगितलं, तो प्रायमर लोखंडाचा. अॅल्युमिनियम घासलं की हवेनं लगेच त्याच्यावर एक बारीक थर धरतो. आधी तेलकटपणा काढायचा, मग घासायचं, आणि घासल्या घासल्या त्याच धातूसाठीचा, धातूला चावून बसणारा प्रायमर मारायचा.

"म्हंजे मी इतके दिस जर्मनवर न्हाई, त्याच्या बुरशीवर रंग मारून राहिलो?"

"तसंच समजा."

"मग पयलेच कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला गेलो. दुकानदारानं दोन डब्यांचा प्रायमर दिला, एकात दुसरं मिसळायचं. काकांनी आधी त्याच्या काउंटरला नख लावून बघितलं. मग अंगणात दोन दिवस काम चाललं. साबणाचं पाणी, थिनरचं फडकं, वॉटर पेपर, प्रायमर, हिरव्याचे तीन पातळ हात, वरून बिनचमकीचं लॅकर. त्यानंतर आठ दिवस नावेला कुणी हात लावायचा नाही. काका खुर्ची टाकून राखणीला बसले. एक कावळा बसायला आला तर त्याच्यावर चप्पल फेकली, ती शेजारच्यांच्या वाळवणात पडली.

मग नाव पुरते पंधरा दिवस पाण्यात ठेवली आणि अंगणात परत आणली. काकांनी नख लावलं, नाणं घासलं, उकळतं पाणी ओतलं. काही नाही. शेवटी चिकटपट्टी लावून खसकन ओढायची परीक्षा. बूड पास. कडा पास. पुढच्या टोकाला पट्टी ओढली आणि रंगाचा पंजाएवढा तुकडा निघून आला.

हिरव्याच्या मधोमध उघड्या जर्मनचीच पाच बोटं आणि तळवा. स्पष्ट.

काकांनी माझ्याकडं बघितलं. "हात ठेवा, बीएस्सी."

माझा हात मोठा निघाला. मग शेजारच्या बाबूरावांना बोलावलं, त्यांच्या भावाला बोलावलं. चोरीच्या चौकशीसारखी रांग लागली. सगळ्यांचे हात मोठे. एवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. काकू दोन्ही हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या.

"कौसे, इकडं ये."

हात बरोबर बसला.

"अवं, तुम्ही प्रायमर कालवत होता तवा," काकू खाली बघत म्हणाल्या. "समईतलं तेल न् कुंकू लावून हात उमटवला, मग पदरानं पुसला. तुम्ही रोज एकटेच पाण्यात जाऊन राहिले. म्हणलं, नावंला सांगून ठेवावं."

"काय सांगितलंस?"

"माणूस परत आणून सोड म्हणून."

ओल्या कपाटाला तेलाचं डोकं टेकवलं म्हणून या माणसानं स्वतःच्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरलेला मी पाहिलाय. मी हळूच दोन पावलं मागं सरलो. काकांनी थिनरचं फडकं उचललं. पंजाची जागा पुसली आणि नुसतं लॅकर मारलं. हिरवा नाही. पंजा तसाच दिसत राहिला.

"काका, उघड्या धातूवर लॅकर टिकायचं नाही," मी सांगितलं.

"दरसाल मारीन."

काकू म्हणाल्या, "रंग तर निघाला. म्हंजे मला बसायचं काम न्हाई."

"न्हाई," काका म्हणाले. "अट ती अट." आणि पिस्तूल धुवायला मोरीत गेले. रंगाचं पिस्तूल धुवायला इतका वेळ लागत नाही.

तीन दिवसांनी सकाळी काकू पायात चपला घालून ओट्यावर उभ्या. "रंग माझ्या हातानं गेलाय. त्याच्यापायी नावंला नापास करणं बरोबर न्हाई," असं त्यांनी मला सांगितलं. काकांना नाही. काका आत टेम्पोवाल्याला फोन लावत होते आणि नंबर दोनदा चुकला.

धरणावर काकांनी नाव दोरीनं बाभळीला बांधली. काकू बसल्या. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांत काकांचा सदरा. नाव काठाला टेकलेलीच होती.

"पोचलो का?" काकूंनी विचारलं.

"हाव. निम्म्यात आलोत."

काकूंनी एक डोळा उघडला. मी हाताच्या अंतरावर उभा. "खोटारडे!" म्हणत त्यांनी काकांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग हसायलाच लागल्या.

आता ते रोज जातात. दोरी रोज हातभर जास्त सुटते. रविवारी मी सोबत गेलो तेव्हा ती बारा हात सुटलेली होती. काका वल्ही धरून काकूंकडं तोंड करून बसले होते. बदकं काकांच्या पाठीमागं उतरली, आणि दुर्बीण काकूंकडं होती.

"किती हायत गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी बोटांवर मोजली. "सतरा."

मी काठावरून मोजली. नऊ होती.

काकांनी मागं वळून बघितलं नाही. "हाव," ते म्हणाले, "सतराच असतील."