न आटणारा पट्टा

"आज संध्याकाळपर्यंत ही खोली रिकामी होणार आणि संग्रहालयातल्या काचेच्या कपाटावर माझं नाव लागणार! लिहून ठेव!" आरशासमोर उभं राहून जनरलने बायकोला बजावलं.

आता हा जनरल काही खराखुरा जनरल नव्हे. चौकात चष्म्याचं दुकान चालवणारा एक साधा गृहस्थ. तरुणपणी भरतीला गेला होता. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तेव्हा त्याने आधी भिंत कुठल्या बाजूला आहे ते विचारलं! झालं, फौज हुकली. मग फौजेत आपण नाही तर फौज आपल्या घरात, या न्यायाने त्याने जुने फौजी पट्टे जमवायला घेतले. जाड सुताचे विणलेले पट्टे, पितळी बकलं, पट्ट्यांच्या टोकांच्या पितळी टोप्या. मागची खोली गच्च भरली. पलंगाखाली पट्टे, खुंट्यांवर पट्टे, पडदासुद्धा पट्ट्यावर टांगलेला! आळीने त्याचं नाव जनरल ठेवलं ते चेष्टेनेच, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो हाकेला ओ द्यायचा. चेष्टेने का होईना, बढती ती बढती!

बायको शिवणकाम करायची आणि तिचं मशीन होतं स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून. गिऱ्हाईकं नवे कपडे हातात घेऊन आधी हुंगायची आणि मग विचारायची, "काल काय तळलं होतं हो?" मागच्या खोलीसाठी तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. शेवटी तिने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "आज संग्रहालयाच्या बाई येतायत. त्यांनी पट्टे नेले तर आनंद आहे. नाही नेले, तर उद्या सकाळी भंगारवाला. त्याला सांगून ठेवलंय मी."

"भंगारवाला?" जनरलच्या तोंडचं पाणी पळालं.

"पितळेला भाव चांगला आहे म्हणाला."

त्या धक्क्यातून सावरण्यासाठी जनरलने आपला सर्वांत लाडका पट्टा कमरेला चढवायचं ठरवलं. दुर्मीळ, हिरवट खाकी, बकल असं की त्यात तोंड पाहून दाढी करावी. बाईंना पाठवलेल्या पत्रात त्याने याच पट्ट्याचं वर्णन सगळ्यात लांब केलं होतं. पट्टा कुणा सडपातळ शिपायाच्या मापाचा होता आणि जनरलचं माप त्याच्या हुद्द्याला शोभेलसं होतं. पण श्वास आत ओढून, डोळे मिटून, टाचा उचलून त्याने तो एकदाचा बसवला.

मेहुणा त्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आला होता. धंद्याने प्लंबर. तो सिंकखाली उताणा पडलेला, म्हणजे पळून जाऊ न शकणारा श्रोता! जनरल त्याच्या पायांशी उभा राहून सुरू झाला.

"पूर्वी शिपायांचे पट्टे चामड्याचे असत. पावसात भिजले की ताणायचे, उन्हात वाळले की तडकायचे. मग कुणा शहाण्याला सुचलं, जाड सुताचीच पट्टी विणू या की! आणि सूत आधीच आटवून घेऊ या, म्हणजे पट्टा पुढे कितीही भिजला तरी आटायचा नाही. माझ्या या पट्ट्याची खरी ओळख हीच! बाजारातली नक्कल असेल, तर पाणी लागलं की आटलीच."

"भाऊजी, तेवढा पाना द्या."

"आणि हे बकल! टोक आत सरकवायचं आणि ओढायचं. आतली दातेरी दांडी पट्ट्याला पकडते. जितकं ओढाल तितकं घट्ट! शिपाई पळो, पडो, लोळो, पट्टा सुटणार नाही!"

"मग सोडायचा कसा?"

"टोक जरा आत ढकलायचं. पट्टा ढिला पडला की दांडी सुटते. त्यात काय!"

तेवढ्यात जेवायची हाक आली. "आधी तो पट्टा काढून ठेवा," बायको म्हणाली. "शिपाई पट्टा बांधूनच जेवतात!" जनरलने सुनावलं आणि तो शिपायासारखं नव्हे, अख्ख्या पलटणीसारखं जेवला. दोनदा मागून वाढून घेतलं.

जेवून उठताना पहिली शंका आली. मागच्या खोलीत जाऊन त्याने टोक आत ढकलून पाहिलं. ढकलायला जागाच नव्हती. पट्ट्यात आणि पोटात एक सुई शिरली नसती. पट्टा ढिला पडल्याशिवाय दांडी सुटेना आणि दांडी सुटल्याशिवाय पट्टा ढिला पडेना. जनरलला दरदरून घाम फुटला.

"अरे, जरा इकडे ये," त्याने मेहुण्याला हळूच हाक मारली. "आणि ताईला काही बोलू नकोस."

मेहुण्याने परिस्थिती पाहिली, दोन्ही हातांनी पट्ट्याचं टोक पकडलं, जनरलच्या पोटाला गुडघा लावला आणि दिला एक हिसका! कट्! पट्टा आणखी एक दाता आत.

"ओढू नकोस रे!" जनरल किंचाळला. "आत्ताच सांगितलं ना तुला, ओढलं की घट्ट होतो म्हणून?"

"मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखं सांगताय."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे ऐकायचं नसतं असं."

जनरलला भांडायचं होतं, पण भांडायलाही श्वास लागतो. मेहुणा मात्र विचारात पडला होता. जाम झालेलं पितळ बघितलं की त्याच्या अंगात वेगळाच उत्साह संचारतो. "हे तर सोपं आहे, भाऊजी! नळाची चावी जाम झाली की आम्ही काय करतो? वरून गरम पाणी! पितळ फुलतं आणि सुटतं. पट्टा भिजला तर चालेल ना?"

इथे एका शब्दाने सगळं निभावलं असतं. 'नको' म्हणायचं, एवढंच. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! "घाल! बिनधास्त घाल!" जनरल म्हणाला. "खरा फौजी पट्टा आहे. याला पाण्याचं काय भय?"

मेहुण्याने सोसवेल इतपत गरम पाण्याची किटली आणली आणि झाडाला घालावं तसं ते पट्ट्यावर घातलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या शर्टावरून हिरवट ओघळ पँटीत उतरू लागले. आणि मग पट्टा हळूहळू, अगदी प्रेमाने, आवळायला लागला.

"सुटतोय का?" मेहुण्याने विचारलं.

"आ... आटतोय!"

जनरलला त्या आवळण्याने जेवढं दुखलं, त्याहून कितीतरी जास्त त्या शब्दाने दुखलं. आटतोय म्हणजे नक्कल! ज्या पट्ट्याला त्याने एवढी वर्षं स्वतःच्या हाताने घासलं, पाहुण्यांना हात लावू दिला नाही, तो कुठल्यातरी नाटक कंपनीचा उरलासुरला माल होता! जन्मभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून चष्मे विकले आणि आपल्याला मात्र आपल्याच कमरेवरचं दिसलं नाही. त्याला रडू येत होतं, पण त्यालाही पोट हलवावं लागतं.

गलका ऐकून बायको शिवणकामाची मोठी कात्री हातात घेऊनच धावत आली. मेहुण्याने तेवढ्यात पुन्हा गुडघा लावला होता. आणि नेमकी त्याच वेळी दारात एक बाई उभी राहिली. हातात पिशवी, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. संग्रहालयाच्या बाई! दार उघडंच होतं, त्या थेट आत आल्या होत्या. समोर पाहतात तर एक भिजलेला, हिरवा माणूस, त्याच्या पोटावर गुडघा ठेवलेला दुसरा माणूस आणि कात्री उगारलेली गृहिणी.

"मी... नंतर येऊ का?"

"छे छे! या ना!" बायको कात्री पाठीमागे लपवत म्हणाली. खोलीसाठी ती याहून मोठ्या प्रसंगातही हसली असती. "सगळे पट्टे इथेच आहेत. हे दाखवतात तुम्हाला. दाखवा हो!"

जनरल ताठ उभा राहिला. वाकणं शक्यच नव्हतं. "हा... चामड्या... नंतरचा. हा... सुती. याचं बकल... ओतीव."

बाई एकेक पट्टा उलटून पाहत होत्या, वीण चिमटीत धरून तपासत होत्या. जनरलच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहून त्यांचा स्वर मऊ झाला. "समजू शकते मी. इतक्या वर्षांचा संग्रह सोडायचा म्हणजे गळा दाटून येणारच."

"गळा... नाही... पोट..." जनरल पुटपुटला.

"आणि हाच ना तो पत्रातला?" बाईंची नजर त्याच्या कमरेवर गेली. "सगळ्यात दुर्मीळ?"

"अहो, तोच अडकलाय!" बायकोला आता राहवेना. तिने कात्री पुढे काढली. "ह्यांचे ओठ बघा कसे निळे पडलेत! कापते मी!"

"थांबा!" बाई ओरडल्या. "खरा असेल तर कापू नका! असा पट्टा पुन्हा मिळायचा नाही! साहेब, खात्री आहे ना तुमची?"

सगळे जनरलकडे बघू लागले. 'खरा' म्हणावं तर श्वास जातो. 'खोटा' म्हणावं तर इज्जत जाते. शिवाय जो माणूस आपल्या लाडक्या पट्ट्याबाबत फसला, त्याच्या बाकीच्या पट्ट्यांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणजे सकाळी भंगारवाला! पितळ एका पोत्यात, सूत दुसऱ्या पोत्यात! जनरलच्या डोळ्यांपुढे ती दोन पोती नाचू लागली. पोत्यांमागे काजवेही चमकू लागले. शेवटी काजवे जिंकले.

"नक्कल!" तो ओरडला. "नक्कल आहे! भिजल्यावर आटला! कापा!"

कचाक्! बकल टणकन जाऊन मेहुण्याच्या नडगीवर आपटलं आणि जनरल फतकल मारून खाली बसला. असा श्वास त्याने आयुष्यात घेतला नव्हता. पण तो सोडला आणि सगळी लाज एकदम वर आली. मान वर करायची त्याची हिंमत होईना.

"संपलं तर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घेऊन जा म्हणावं उद्या भंगारवाल्याला."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं. "बाकीचे मी पाहिले. चांगले आहेत, खरे आहेत. बऱ्याच संग्राहकांकडे जाऊन आले मी आजवर. पण स्वतःच्या तोंडाने 'नक्कल' म्हणणारे तुम्ही पहिलेच. सगळे नेते मी. हा कापलेलासुद्धा."

"हा कशाला?" जनरल दचकला.

"हा तर हवाच!"

संध्याकाळी पट्टे गेले. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत जनरल दारात उभा होता. घशात आवंढा होता, या वेळी खराखुरा. आत येऊन बघतो तर बायकोने भावाला हाताशी धरून मशीन मागच्या खोलीत हलवलंही होतं. खिडकीतल्या उजेडात बसून ती गाणं गुणगुणत शिवत होती. ते पाहून त्याला बरं वाटलं. इतकी वर्षं आपण तिला शेगडीपाशी बसवून ठेवलं याचं वाईटही वाटलं. त्याने तसं बोलून दाखवलं. "तो शर्ट काढा आधी, डाग वाळतील," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात दोघं संग्रहालय बघायला गेले. काचेचं कपाट झकास होतं, वर जनरलचं नाव होतं. ते वाचायला तिथे चिटपाखरू नव्हतं! सगळी गर्दी कोपऱ्यातल्या छोट्या पेटीपाशी. आत मधोमध कापलेला हिरवट पट्टा, आणि खाली बाईंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'नक्कल. भिजल्यावर आटली. मालकाच्या पोटावरून कापून काढली.'

एका अनोळखी बाईंनी हसता हसता डोळे पुसले आणि शेजारी उभ्या असलेल्या जनरलला विचारलं, "कोण असेल हो हा बावळट?"

जनरलने पोट होतं नव्हतं तेवढं आत ओढलं. "काय की बुवा," तो म्हणाला. "आपल्यातला नसावा."

बाई मान डोलावत पुढच्या दालनात गेल्या. बायकोने त्याला कोपराने हळूच ढोसलं.

"सोडा आता. गेल्या त्या."