घोट्यावरची दुहेरी टीप

सन एकोणीसशे शहाऐंशी. हिवाळा संपत आलेला, फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. त्या सकाळी मी, वय वर्षं एकसष्ट, गल्लीत चड्डीवर धावलो. कारण सांगतो.

मी शिंपी. शाळेच्या फुटबॉल संघाच्या बावीस चड्ड्यांचं काम माझ्याकडे होतं. पहिली चड्डी पाहून खेळाच्या मास्तरांनी विचारलं, धावताना उसवणार नाही ना? चाळीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. उत्तर देण्यापेक्षा मी ती घातली आणि धावलो. कोपऱ्यावर गटाराच्या झाकणावर पाय मुरगळला आणि मी आडवा झालो. चड्डीचा एक टाका हलला नाही. (मास्तरांना आधी तेच दाखवलं.)

मास्तरांनी घोटा चाचपला. हाड शाबूत आहे, म्हणाले, पण आतले स्नायुबंध ताणलेत. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, बँडेज आवळू नका, आणि तीन आठवडे मशीनचं पायडल बंद. स्पर्धा अठरा दिवसांवर होती. चड्ड्या वेळेत झाल्या नाहीत, तर माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तयार कपड्यांच्या दुकानात जाणार होतं.

बँडेजची पिन दोनदा निसटली. पिन म्हणजे कच्चं काम. मी सुईदोरा घेतला आणि बँडेज घोट्यावरच शिवून टाकलं. दुहेरी टीप. दुपारपर्यंत सूज वाढली, बोटं जांभळी पडली. उसवायला गेलो, तर सुई शिरायला जागा नाही.

बायकोने माझी कापडाची कात्री उचलली. त्या कात्रीला घरात कुणी हात लावत नाही.

"अहो, कापू का?"

"काप. पण शिवण सोडून."

तिने शिवणीवरूनच कापलं.

मग ती मशीनवर जाऊन बसली. मी म्हटलं, अगं, तुला हे कुठं येतं?

"तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा येतं."

(दोऱ्याची रिळं लवकर संपतात म्हणून मी नऊ वर्षं दोरेवाल्याशी भांडत होतो.)

मी उशीवर पाय टाकून तिच्या चुका शोधत राहिलो. सापडल्या नाहीत. सूज उतरल्यावर मास्तरांनी व्यायाम दिला, अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची. मी दुसरी शिकलेला. 'क्ष'वर पाय अडला. तिने मान वर न करता सांगितलं, आधी गाठ मारा, मग दांडी.

सतराव्या दिवशी मास्तर आले. एकेक चड्डी उलटून पाहिली. म्हणाले, यंदा तुमचा हात फारच चांगला बसलाय.

ती कापडाचे तुकडे गोळा करत होती. सतरा दिवस तिने पायडल मारलं होतं, आणि कुणाचं देणं ठेवायची मला सवय नाही.

"हात हिचा आहे," मी म्हटलं.

मास्तरांनी मापांची वही माझ्या पुढ्यातून उचलली आणि तिच्या हातात दिली.