पुंजाजीची सुनावणी

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात सुलतानपूरच्या ग्रामपंचायतीत रेडिओ आला आणि चौथ्याच दिवशी शेषराव गुरुजींना त्यासाठी नियम करावे लागले. कारण पुंजाजी. श्रोता मंडळाचा हा सगळ्यांत वक्तशीर सभासद. पण संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला, की तो रेडिओशी भांडायचा.

"कपाशीच्या दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवावे," असं निवेदक म्हणाला, की पुंजाजी ओरडायचा, "अबे, पन जमीन कोनती? काळी का बरड? थे सांग ना आधी!"

निवेदक आपला पुढे बोलत राहायचा. त्यावर पुंजाजी आणखी चिडायचा. "पाहा! मी इचारून राह्यलो, अन् हा आयकतच नाही!"

गुरुजी मंडळाचे अध्यक्ष. माणूस न्यायी. त्यांनी वहीत लिहिलं: कार्यक्रमात आवाज केल्यास पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी त्या दिवसापुरतं बाहेर, तिसऱ्या वेळी आठ दिवस ओट्यावर. मात्र म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही शिक्षा नाही.

पुंजाजीने तिन्ही पायऱ्या आठवड्यात गाठल्या. सुनावणीत तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, त्याले उलटून इचारनारं कोनी तं पाह्यजे." गुरुजींना वाईट वाटलं, पण नियम लिहून बसले होते. पुंजाजी टोपी सारखी करून ओट्यावर, खिडकीखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या गोजरबाई उठून उभ्या राहिल्या. "गुरुजी, काल कार्यक्रमात रंगराव खोकलला. त्याले काऊन सोडलं?"

"अहो, खोकला येतो, त्याला तो काय करणार?"

"पुंजाजीलेबी बोलनं येतेच. तो का मुद्दाम आनते?"

गुरुजींनी वही उघडली. रंगरावची सुनावणी लागली. तो म्हणाला, किसनरावांच्या विडीनं ठसका लागला. मग किसनरावांची. ते म्हणाले, शेजारी निवृत्ती घोरत होता. आपल्यालाही डुलकी लागेल म्हणून विडी ओढली. निवृत्तीने घोरण्याचे साक्षीदार मागितले. सगळे जमत संध्याकाळीच, तेव्हा सुनावण्याही कार्यक्रमाच्या वेळीच. रेडिओच्या आवाजाने साक्षी ऐकू येईनात, म्हणून गुरुजींनी तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला.

आठव्या दिवशी शेतकी खात्याचे साहेब आले. "बियाण्याबद्दल या आठवड्यात काय काय ऐकलंत?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वहीकडे. वहीत सात सुनावण्या होत्या.

"मी सांगू काय?" खिडकीबाहेरून आवाज आला. "पन मले बोलाले बंदी हाय."

साहेबांनी बंदी उठवली. बियाण्याला औषध किती चोळायचं, सावलीत किती वेळ वाळवायचं, पुंजाजीने घडाघडा सांगितलं. निवेदक काय सांगायला विसरला, तेसुद्धा. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मंडळाला 'उत्तम' शेरा दिला.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी आत, पहिल्या ओळीत येऊन बसला. तोंड घट्ट मिटलेलं.

"नांगरटीनंतर शेतात भरपूर शेणखत टाकावे," निवेदक म्हणाला.

पुंजाजीच्या नाकपुड्या फुगल्या, पण तो बोलला नाही. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. गुरुजी हळूच वाकून म्हणाले, "बोला की, पुंजाजी."

"नाही जी. नियम हाय."

गुरुजींना राहवेना. इकडेतिकडे पाहून ते रेडिओकडे वळले आणि चाचरत म्हणाले, "अहो, भरपूर म्हणजे किती गाड्या?"

पुंजाजीने मायेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जरा मोठ्यानं इचारा, गुरुजी. तो मानूस बहिरा हाय."