दर घरी एक चारचाकी

"ऐकलंस का? आपला देश श्रीमंतीत जगातल्या पहिल्या पाचात हाय!" बिभीषणने पेपर उंच धरून स्वयंपाकघराच्या दिशेने घोषणा केली.

"आणि आपल्या नळाला पाणी पाचव्या दिवशी," आतून रुपालीचा आवाज आला. "तो पेपर ठेवा अन् पिंप जरा तिरकं करा. तळाशी तांब्याभर तरी निघंल."

बिभीषणने पिंप तिरकं केलं, पण त्याचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि जुळे सोलापुरातल्या आठ घरांच्या सोनचाफा कॉलनीचा सेक्रेटरी होता. नंबर लागणे या गोष्टीचं त्याला भारी वेड. देशाचा नंबर वर सरकला की त्याला आपलाच पगार वाढल्यासारखं वाटायचं. पगार बिचारा होता तिथेच शांत बसलेला असायचा.

अशा माणसाच्या हाती 'समृद्ध कॉलनी' स्पर्धेचं पत्रक पडावं, हे म्हणजे व्हायचंच होतं. एका स्थानिक मित्रमंडळाने ती काढली होती. ज्या कॉलनीत दर घरी सर्वात जास्त चारचाक्या आणि एसी, ती पहिली. इतका सरळ मामला.

"आपल्यात कुटं हायत चारचाक्या?" रुपालीने विचारलं. "आपली ती एक फटफटी. तिला पण किक मारून मारून तुमचा गुडघा गेला."

"आपली नाही गं, कॉलनीची. आठ गाड्या हायत."

आठ होत्या हे खरं. त्यातल्या सहा एकट्या संगमेशच्या. अक्कलकोट रोडला त्याचा टॉवेलचा कारखाना होता आणि सहामध्ये मालाचे दोन टेम्पोही आले. सातवी डॉक्टरांची. आठवी हिंदुराव मास्तरांची, जी गेल्या दिवाळीपासून कापडाखाली झोपली होती आणि जिच्या बॉनेटखाली मांजर व्यायलं होतं. उरलेल्या पाच घरांत दुचाक्या. एसींचंही तेच. संगमेशच्या तर देवघरालासुद्धा एसी होता.

"आठ गाड्या, आठ घरं. दर घरी एक," बिभीषण म्हणाला. "याला सरासरी म्हणत्यात. देशाची बी अशीच काढत्यात."

"मग त्या सरासरीच्या गाडीत बसवून मला एकदा माहेरी सोडा," रुपाली म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली.

सोनचाफा कॉलनीचा पहिला नंबर आला. कोपऱ्यावर पत्र्याचा झगझगीत फलक लागला : 'जुळे सोलापुरातील सर्वात समृद्ध कॉलनी. दर घरी एक चारचाकी, दर घरी एक एसी.' फलकाखाली हार घालून उभा असलेला बिभीषणचा फोटो छापून आला, आणि त्याने तो आपल्या हाताने सांगोल्याकडच्या गावाच्या ग्रुपवर टाकला. तीच चूक झाली.

पण ती कळायला दोन दिवस लागले. आधी समृद्धीची फळं यायला लागली. भाजीवाल्या सोजरबाईने भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकायची बंद केली. "एसीत बसनाऱ्यास्नी फुकट कोथमीर कशापायी?" असं म्हणून तिने मिरच्यांनाही हात आखडला. वर्गणीवाले आजवर पहिल्या तीन बंगल्यांवरून परत जायचे, ते आता शेवटच्या घरापर्यंत येऊ लागले. आणि उन्हाळ्यात एक दानशूर गृहस्थ कॉलनीला पाण्याचा टँकर पाठवायचे, त्यांचा माणूस फलक वाचून म्हणाला, "तुमास्नी काय गरज हाय साहेब?" टँकर पुढच्या कॉलनीकडे वळला.

"आज सरासरीनं आंघोळ करा," रुपाली म्हणाली. "संगमेशभाऊंच्या बंगल्यात शॉवर चालूच हाय. तुमचा वाटा तुमच्या अंगावर पडला असंच समजा."

बिभीषणला हसू येणार, तोच फोन वाजला. गावाहून त्याचे वडील, तात्याबा.

"बिबीषणा," पलीकडून दबलेला आवाज आला, "तुजी आई च्या प्याली."

बिभीषण मटकन खाटेवर बसला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण मायाक्काने सात वर्षांपूर्वी बिरोबापुढे उभं राहून चहा सोडला होता. पोराची चारचाकी झाली की मगच चहा तोंडाला लावीन, आणि तिच्यातच बसून बिरोबाला येईन. आणि बाई चहाची अशी-तशी भोक्ती नव्हती. मेंढरांमागे हिंडायच्या काळात तीन दगडांवर चहा ठेवणारी, गूळ नसेल तर कोरा पिणारी बाई. गाडी घेणं आपल्याच्याने होईना, या गोष्टीपेक्षा आईचा कोरडा घसा बिभीषणला जास्त बोचायचा. तिला "पी की गं" म्हणून तो थकला होता.

"शेजारच्या पोरानं तुजा फोटू वाचून दावला," तात्याबा सांगत होता. "दर घरी येक चारचाकी. तिनं तितंच पातेलं चढीवलं. दोन कप प्याली अन् रडली रं. लई दिसानं तिला आसं खूस बगितलं."

"आबा, पर ती गाडी..."

"सांगू नगंस. उद्या बगतूच. आमी येतूय. तुज्या गाडीत बसून बिरोबाला जायाचं."

फोन बंद झाला. बिभीषणने रुपालीकडे पाहिलं.

"देवाचा नवस मोडला, तो पण तुमच्या गणितानं," ती म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती. "आता एकच उपाय हाय. संगमेशभाऊंकडं गाडी मागा."

ते सोपं नव्हतं. संगमेशच्या दारात गाड्या मावत नसत, म्हणून त्याची पांढरी शुभ्र मोठी गाडी रोज बिभीषणच्या फाटकासमोर असायची. महिनाभर "काढतो की ओ काका" ऐकल्यावर गेल्याच आठवड्यात बिभीषणने सेक्रेटरी या नात्याने ग्रुपवर टाकलं होतं : 'काही सभासद दुसऱ्याचे दार म्हणजे वडिलोपार्जित जागा समजतात. त्यांनी आपली वाहने तात्काळ हटवावीत.' आता त्याच वाहनासाठी त्याच माणसापुढे हात कसा पसरायचा? स्टँडवर जाऊन, रिक्षात बसवता बसवता आईला खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

पण मायाक्का कसली स्टँडवर थांबतेय! गावचा दुधाचा टेम्पो पहाटे सोलापूरला येतो. बिभीषण अंगात शर्ट घालत होता तोवर बाहेरून आरोळी आली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

तो धावत बाहेर आला. फाटकासमोर पांढरी गाडी उरली नव्हती. पिवळी गाडी उभी होती. मायाक्काने पिशवीभर भंडारा बॉनेटवर, काचेवर, टपावर मनसोक्त उधळला होता, आणि आता ती पाचही बोटांनी दारावर ठसे उमटवत होती. तात्याबा पुढच्या चाकापाशी नारळ फोडून त्याचं पाणी टायरवर शिंपडत होता.

"बिबीषणा, लई गोजिरी गाडी घेतलीस रं!" मायाक्काने भंडाऱ्याच्याच हाताने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते.

समोरच्या बंगल्याचं दार उघडलं. बनियनवर आणि टॉवेलात, तोही स्वतःच्या कारखान्यातल्या, संगमेश बाहेर आला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग बिभीषणकडे.

"काका," तो हळूच म्हणाला, "ग्रुपवर लिहिलं ते ठीक हाय. पण एवढा राग?"

मायाक्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्यो कोन रं? अन् आपल्या गाडीकडं आसा का बगतुया?"

"आई," बिभीषण म्हणाला, "गाडी त्यांची हाय. आपली न्हाय. फलकावर लिहिली ती सरासरी हाय." आणि त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

मायाक्का फाटकाच्या कट्ट्यावर बसली. तात्याबाने नारळाची शकलं पिशवीत ठेवली.

"कशी काढत्यात रं ही सरासरी?" तिने शेवटी विचारलं.

"सगळ्या गाड्या एका जागी धरायच्या आणि घरांना सारख्या वाटायच्या."

"खरंच वाटायच्या?"

"न्हाय. कागदावर."

"आसं व्हय." ती विचारात पडली. "मग मला येक सांग. ह्ये तुजं आबा. सात वर्सं रोज सकाळी दोन कप पित्यात. येक त्येंचा अन् येक माज्या वाटनीचा. सांडायचा कशाला, म्हनत्यात. मी कोरडी. आता मानशी किती आला?"

बिभीषणने तोंडातल्या तोंडात सांगितलं, "एकेक कप."

"म्हंजे मी रोज च्या पीतच हुते की! मग त्या चुलीम्होरं बसून नुसता वास घेत भाकऱ्या थापायची, ती कोन हुती रं?"

बिभीषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटत असतानाच त्याला खुदकन हसण्याचा आवाज आला. मायाक्का हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग रुपाली हसली, आणि संगमेश तर टॉवेल सावरत हसला.

"आज्जी," तो म्हणाला, "भंडारा पडलेली गाडी आता तशीच धुतली तर आमची आई मला घरात घेणार नाही. चला, मीच सोडतो बिरोबाला. काका, तुम्ही पुढं बसा. मागनं परत ग्रुपवर काही टाकू नका म्हणजे झालं."

निघण्याआधी बिभीषणने एक काम केलं. कोपऱ्यावर जाऊन त्याने फलक काढून आणला. कुठे ठेवावा या विचारात तो असताना रुपालीने तो त्याच्या हातातून घेतला आणि पिंपावर टाकून पाहिला. झाकण म्हणून तो बरोब्बर बसला.

गावच्या देवळात मायाक्का बिरोबापुढे बराच वेळ उभी होती. "देवा, मोडला त्यो नवस मी न्हाय मोडला, सरासरीनं मोडला," एवढंच बाकीच्यांना ऐकू आलं. बाहेर आल्यावर संगमेशने टपरीवर चहा सांगितला. बिभीषणने पहिला कप स्वतः आईच्या हातात दिला. "आई, गाडीचं राहू दे आता. तू पी. मला बघू दे."

तिने फुर्रकन घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून बिभीषणला आपण खरोखरच पहिल्या पाचात असल्यासारखं वाटलं.

"गाडीचं कसं ऱ्हाऊ दीन?" मायाक्का म्हणाली. "देवाला परत सांगितलंय मी. पोराची गाडी येईस्तवर नवस हाय तसा चालू. फकस्त येक बदल हाय." आणि तात्याबाने तोंडाजवळ नेलेला कप तिने अलगद काढून आपल्या पुढ्यात ठेवला. "आता च्या ह्येंनी सोडायचा."

"आँ?" तात्याबाचा हात कपाच्या आकारातच हवेत राहिला. "आगं, म्या?"

"माज्या वाटनीचा सात वर्सं प्यालासा. आता तुमच्या वाटनीचा मी पिनार."

"पर मग मला?"

"घाबरू नगासा," मायाक्का दुसरा कप उचलत म्हणाली. "सरासरी येकच कप हाय."

तात्याबाने मोठ्या आशेने मुलाकडे पाहिलं. बिभीषणने मनातल्या मनात हिशेब दोनदा करून पाहिला, पण त्यात कुठेच चूक सापडेना.