घट्ट होत गेलेला सूट

छातीच्या मध्यावर येऊन चेन अडकली ती अडकलीच. वर जाईना, खाली येईना. कवळीवाला आरशासमोर उभा होता. उभा म्हणणंही तसं खोटंच, कारण शर्यतीचा कातडी सूट गाडीवर ओणवं बसलेल्या माणसाच्या मापाने शिवतात, त्यात सरळ उभं राहता येत नाही. गुडघे वाकलेले, हात पुढे आलेले, मानेखाली पाठीवर टणक उंचवटा. जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि ते शोधायचंय अशा थाटात तो स्वतःच्याच घरात आरशात बघत होता.

सूट आज विकायचा होता. गिऱ्हाईक पाच वाजता त्याच्या बायकोच्या दुकानात येणार होतं. आता विकायचा सूट घडी करून पिशवीत भरावा की नाही? पण या माणसाला वाटलं, शेवटचं एकदा अंगात घालून बघू. कोण बघतंय? सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, बायको दुकानात. घातला. आणि आता तो सुटात होता, वेळ पुढे सरकत होता आणि चेन जागची हलत नव्हती.

हा माणूस धंद्याने दातांच्या कवळ्या करायचा. आठवडाभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि अधूनमधून एखाद्या रविवारी मोटरसायकलच्या शर्यतीत स्वतःचे पडायची तयारी ठेवायची, असा क्रम वर्षानुवर्षं चालला होता. ट्रॅकवर सगळे त्याला कवळीवाला म्हणत. त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही, उलट घरीसुद्धा तेच नाव रुळलं.

या छंदाने घर कसं पोखरलं ते सांगायला बसलो तर आपण इथेच बसू. शर्यतीचा टायर दोन दिवसांत संपतो. प्रवेशाचे पैसे वेगळे, परवान्याचे वेगळे, पडल्यावर गाडीच्या दुरुस्तीचे वेगळे आणि माणसाच्या दुरुस्तीचे त्याहून वेगळे. कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं ठरलं की हमखास गाडीचा क्लच जायचा. लग्नाचे वाढदिवस बायकोने ट्रॅकच्या कडेला छत्री धरून साजरे केले. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात हा गळ्यात हात बांधून उभा होता आणि प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला झुकलेला आहे. एवढं करून कमाई काय, तर एकदा तिसरा नंबर, तोही पुढचे बरेचसे गडी घसरले म्हणून. बक्षीस इंजिन ऑइलचा डबा. मधे एकदा एका मोठ्या व्यावसायिक संघाचं बोलावणंही आलं होतं. हा नवे बूट घालून गेला. तिथे कळलं की जागा आहे, पण हंगामाचे पैसे आपणच भरायचे. व्यावसायिक म्हणजे पैसे मिळतात, अशी त्याची भाबडी समजूत होती. तो परत आला आणि मुकाट्याने कुणाची तरी खालची कवळी पूर्ण केली.

मग शर्यत सोडली कशी? तर या सुटामुळेच. गेली काही वर्षं सूट दर हंगामात थोडा थोडा घट्ट व्हायला लागला. शर्यतवाल्या माणसाचा वजनकाट्यापेक्षा सुटावर विश्वास जास्त. काटा वजन उतरलं म्हणत होता, सूट वाढलं म्हणत होता. याने काटा बदलला. नवा काटाही तेच म्हणाला, तेव्हा याने रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. गालफडं बसली, विजारी कमरेवरून घसरायला लागल्या, सूट मात्र आवळतच चालला. शेवटी एक दिवस त्याने जाहीर केलं की वय झालं, शरीर सुटलं, आता पुरे. गाडी विकली. त्या दिवशी बायकोने त्याला पोटभर वाढलं, आणि तो चार घास खाऊन उठला.

गाडीचे पैसे बायकोच्या शिलाई मशीनसाठी ठेवले होते. ती जाड शिलाईची कामं करायची: गाड्यांच्या सीटा, बॅगा, ताडपत्र्या. मशीन दुकानमालकाचं होतं आणि मालक धंदा गुंडाळत होता. आज दुकान बंद होईपर्यंत पूर्ण पैसे दिले तर मशीन तिचं, नाहीतर उद्या सकाळी दुसरा कोणी टेम्पो घेऊन येणार होता. गाडीचे पैसे थोडे कमी पडत होते. ती फट या सुटाने भरायची होती. म्हणजे सूट फाटला, तर तिचं दुकान गेलं. बाकी आयुष्यात तिने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं, ही गोष्ट कवळीवाल्याला पक्की ठाऊक होती आणि म्हणूनच तो घामाने निथळत होता.

त्याने आपल्या कामाचा चिमटा आणला आणि चेनच्या रनरला लावला. रनरची पट्टी तुटून चिमट्यात आली. आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि साबण आणायला गेल्या. कोरडा साबण चेनच्या दातांना घासून झाला. मग त्यांनी त्याला पोट आत घ्यायला सांगितलं. पोट नव्हतंच, तर घेणार काय? त्याने श्वास सोडला, सासूबाईंनी ओढलं, आणि दोघं मिळून कपाटावर आदळली. अखेर त्यांनी कात्रीकडे नुसतं बघितलं, तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"कापायचा नाही, आई. मशीन जाईल तिचं."

"मग तिच्याकडेच जा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "त्या सुटात काय आहे ते तिलाच माहीत."

याचा अर्थ विचारायला वेळ नव्हता. गाडी विकलेली, रिक्षा मिळेना. तो बसमध्ये चढला. ओणवा, हात पुढे, पाठीवर उंचवटा, आणि चालताना कर्र कर्र आवाज. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला लगबगीने जागा दिली. तो नको नको म्हणत होता, पण त्यांनी दंडाला धरून बसवलंच आणि शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं की पाठीचं दुखणं फार वाईट. बसल्यावर मात्र सूट जागेवर आला, कारण तो बसण्यासाठीच शिवलेला. हात आपोआप पुढच्या सीटच्या दांड्यावर गेले. बस डावीकडे वळली आणि कवळीवाल्याचा डावा गुडघा सवयीने बाहेर गेला तो थेट बाईंच्या भाजीच्या पिशवीत. त्याने माफी मागितली. पुढच्या वळणावर गुडघा पुन्हा गेला. तिसऱ्या वळणाआधी बाईच उठून उभ्या राहिल्या. वळणं संपेपर्यंत तो एकटाच त्या सीटवर होता, आणि खरं सांगायचं तर, तेवढा वेळ त्याला फार बरं वाटलं.

दुकानात बायको एका सीटचं कव्हर बेतत होती. तिने मान वर केली, नवऱ्याला बघितलं, आणि हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती एकदम पांढरी पडली.

"घातलास कशाला?"

"शेवटचं एकदा," तो म्हणाला. "माझं पोट बघ की. आता चेनसुद्धा बसत नाही."

तिने चेन बघितली, साबणाचा थर बघितला, तुटलेली पट्टी बघितली. ताण इतका होता की रनर हलणं शक्य नव्हतं. बाजूच्या शिवणी उसवून ताण कमी केला, तरच चेन खाली येणार. हे तिला एका नजरेत कळलं होतं, तरी ती उगाच तेल लावून बघ, थोडा थंड हो, पाणी पी, असं काहीबाही करत राहिली. साडेचार होऊन गेले. शेवटी तिने त्याला बेतायच्या टेबलावर कुशीवर आडवं केलं, उसवायचं हत्यार घेतलं आणि म्हणाली, डोळे मीट.

आता आपल्या कुशीत टोकदार हत्यार चालत असताना कोण डोळे मिटेल? त्याने एक मिटला, दुसऱ्याने बघत राहिला. काखेपासून कमरेपर्यंत शिवण उघडत गेली आणि आतून कातडं निघालं. दुमडून, चापून, ओळीने शिवून ठेवलेलं. शिवणीत आत ठेवतात ती माया असते बोटभर, फार तर दीड बोट. हे चार बोटं होतं. दुसऱ्या बाजूलाही तितकंच. ताण सुटला आणि चेन आपसूक पोटापर्यंत घसरली. त्याने कितीतरी दिवसांनी त्या सुटात पुरा श्वास घेतला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

ती हत्यार पुसत बसली. मग खाली बघतच तिने सांगून टाकलं. प्रत्येक वेळी तो पडला की फाटका सूट शिवायला तिच्याकडेच यायचा. तो म्हणायचा, थोडंसं घसरलो. पण कातडं खोटं बोलत नव्हतं. किती लांब घासत गेला, खांद्यावर पडला की कमरेवर, सगळं तिला तिथे दिसायचं. एकदा खांद्याचे सगळे थर फाटून फक्त अस्तर उरलं होतं. त्या दुरुस्तीच्या वेळी तिने पहिल्यांदा बाजूची शिवण थोडी आत घेतली. मग दर पडण्याला थोडी थोडी.

"मी जेवण सोडलं होतं गं," तो म्हणाला.

"माहितीये. तुझं ताट उचलताना रडू यायचं. पण तू घरी यायचास."

"मला सांगायचं होतंस, सोड म्हणून."

"सांगितलं असतं तर सोडली असतीस," ती म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं. माझ्यासाठी सोडली असतीस आणि जन्मभर माझ्याकडे बघून उसासे टाकले असतेस. सुटावर राग धरलास तर मला चालणार होतं."

कवळीवाला टेबलावर उठून बसला. त्याला राग आला होता, चांगलाच आला होता. फसवणूक ती फसवणूक. म्हणजे तो जाडा झाला नव्हता, म्हातारा झाला नव्हता, अजून गाडी चालवू शकत होता. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि तिने ते वाचलं. तिला वाटलं, झालं, हा आता सूट विकत नाही. तिने मशीनवर कापड टाकलं. त्याच्याकडे मागायचं मात्र तिने काहीच मागितलं नाही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. कुठल्याशा ऑफिसातला हिशेबनीस, हसतमुख, चांगला भरलेला गडी, नुकताच शर्यतीच्या नादाला लागलेला. मागे त्याची बायको, पर्स छातीशी धरून. त्याने सुटाकडे बघितलं, आपल्या पोटाकडे बघितलं आणि ओशाळून विचारलं की हा आपल्याला होईल का.

कवळीवाल्याने बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, आणि तिचे हात मांडीत घट्ट धरलेले होते. ते हात त्याने फार दिवसांनी नीट बघितले. मग तो सुटातून एक एक पाय काढत बाहेर आला.

"होईल की," तो म्हणाला. "बाजूला भरपूर जागा आहे. ही अर्ध्या तासात शिवून देईल."

तिने मशीनवरचं कापड काढलं, दोन्ही बाजू मोकळ्या करून शिवल्या आणि रनरला नवी पट्टी लावली. हिशेबनिसाने सूट चढवला, चेन गळ्यापर्यंत सरकन गेली. जुन्या शिवणींच्या भोकांच्या ओळी बाजूने दिसत होत्या. त्या कसल्या, असं त्याने विचारलं, तेव्हा कवळीवाल्याने हवा खेळायला, असं सांगून वेळ मारून नेली. हिशेबनिसाने पैसे मोजले, मालक येऊन ते घेऊन गेला, आणि मशीन तिचं झालं. तिने चाकावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. कवळीवाला दुकानातला कोणाचातरी न नेलेला डगला अंगावर घेऊन बाकावर बसला होता, आणि त्याला वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं, आणि भयंकर भूक लागली होती.

हिशेबनीस रिक्षा बघायला बाहेर गेला. त्याची बायको मात्र रेंगाळली. इतका वेळ ती त्या भोकांच्या ओळींकडे टक लावून बघत होती. शिवणकाम तिलाही येत असावं. ती मशीनजवळ आली, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं की पुढेमागे दुरुस्तीला आणला, तर तेव्हा बाजूने थोडा आत घेऊन द्याल का.

कवळीवाल्याच्या बायकोने घाबरून नवऱ्याकडे बघितलं.

कवळीवाल्याने डगल्याची बटणं लावता लावता, मानही वर न करता सांगितलं, "पाठीकडून घ्यायला सांगा, वहिनी. पोटाकडून घेतला की माणूस जेवण सोडतो."